पेशी मूर्ख आहे, असं तू म्हणायचीस

योगू,

आजही साडेपाचला जाग आली. गजर लावलेला नव्हता. अकरा वर्षं याच वेळेला उठून तुझी पाठ ठोकायची, त्यामुळे माझ्या अंगाला सकाळ म्हणजे तेवढंच माहीत आहे. चहाला दोन कप पाणी मोजलं, मग एक कप परत ओतून टाकलं. गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी हात केला, मीही केला. आज रविवार आहे, म्हणजे आजचं माणसांशी बोलणं बहुधा तेवढंच.

कॉलेजच्या वार्षिक अंकाला तुझ्यावर पानभर मजकूर हवाय. शाळा, टक्के, बक्षिसं, 'आजाराशी झुंज' वगैरे. दोनदा कागद घेऊन बसले. 'झुंज' हा शब्द ऐकला की तुला हसू यायचं. "मी कुठे झुंजतेय? तू मला बडवतेस आणि मी खोकते," असं म्हणायचीस. ते पान दुसरं कुणी लिहील. मी तुझ्याशीच बोलते.

तू माझ्याकडे कशी आलीस ते तुला सगळं आठवत नसेल. नऊ वर्षांची होतीस. मे महिना होता, कॉलेजला सुट्टी लागली होती आणि मी देवळ्याला आपल्या घरी आले होते. कांदा चाळीत भरायचं काम चाललं होतं. तुझी आई मंगल आणि तू पत्र्याच्या सावलीला बसल्या होतात. तू खोकत होतीस. त्या खोकल्याची घराला सवयच झाली होती. टीबी समजून दोनदा औषधं देऊन झाली होती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि 'पोरीची प्रकृतीच नाजूक' एवढ्यावर विषय संपायचा. तुझ्या फ्रॉकच्या गळ्याशी आणि कपाळावर केसांच्या कडेनं घाम वाळून पांढरी रेघ उमटली होती. मंगल पदरानं तुझं तोंड पुसत हसली आणि म्हणाली, "हाई पोर लई खारी शे ताई. मुका लिधा का व्हट खारा व्हतस."

पोरगी फार खारट आहे, पापा घेतला की ओठ खारट होतात. गंमत म्हणून बोलली होती ती. तुझा बाप हसला, कामावरच्या बायका हसल्या. मला हसता आलं नाही. वर्षभरापूर्वी पुण्याला प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात एका व्याख्यात्यानं याच दुखण्याबद्दल सांगितलं होतं. घामात मीठ जास्त, छातीत चिकट कफ, अन्न पचत नाही, आणि हे सगळं एका प्रथिनापायी. सिस्टिक फायब्रोसिस. आपल्याकडे कुणी तपासत नाही म्हणून सापडत नाही, असं ते म्हणाले होते. मी ते वहीत नीट उतरवून घेतलं होतं आणि वही कपाटात ठेवून दिली होती. त्या वर्षभरात दोनदा तुला भेटले होते, योगू. दोन्ही वेळा तू खोकत होतीस, आणि मला ती वही आठवली नाही.

मी तुला जवळ ओढून कपाळाचा पापा घेतला. "आत्या, घाम आहे गं," म्हणत तू अंग चोरलंस. ती चव कळली आणि पुढचं सगळंच मला एकदम कळलं.

मुंबईला घामाची तपासणी झाली. परतीच्या बसमध्ये तू माझ्या मांडीवर झोपली होतीस. घाटात भास्करनं, तुझ्या बापानं, हळूच विचारलं, "ताई, हे आलं कुणाकडून? माझ्याकडून का तिच्याकडून?"

"दोघांकडून. अर्धं तुझ्याकडून, अर्धं मंगलकडून. एकच अर्धं असलं की माणसाला काही होत नाही, म्हणून कळत नाही."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्यात आहे म्हणजे ते आमच्या आईकडून नाहीतर वडलांकडून आलं असणार, म्हणजे माझ्यातही असू शकतं. तू मोठी झाल्यावर मला कितीदा म्हणालीस, "आत्या, रक्त दे ना तपासायला." मला मूल होणार नाही, मग गरज काय, असं मी म्हणायची. खरं सांगू? 'नाही' असं उत्तर आलेलं मला आवडलं नसतं.

छातीचे डॉक्टर नाशकात होते, फिजिओथेरपी शिकवणारी मुलगी नाशकात होती, आणि देवळ्याच्या घरात कांद्याच्या पापुद्र्यांची धूळ. मी म्हटलं, हिला माझ्याकडे राहू द्या. पंधरा दिवसांत तू पत्र्याची पेटी घेऊन गंगापूर रोडच्या माझ्या दोन खोल्यांत आलीस. तोपर्यंत त्या घरात मी आणि माझी पुस्तकं. कॉलेजातून आले की कुलूप उघडायची, रेडिओ लावायची, एका माणसाचा भात टाकायची. त्यात मला काही वाईट वाटत होतं असं नाही. वाईट वाटतं हे तू आल्यावर मागे वळून बघताना कळलं.

मग आपलं सकाळ-संध्याकाळचं ते पाठ ठोकणं. पलंगाच्या कडेला उशा रचायच्या, तुला पालथं निजवून डोकं खाली, आणि हाताचा खोलगा करून फासळ्यांवर ठोकत जायचं. वीस मिनिटं. तू त्याला ढोलकी म्हणायचीस. पहिल्या महिन्यात मला भीती वाटायची की फार जोरात लागेल, आणि तू उलटं ओरडायचीस, "आत्या, मी पापड नाहीये. नीट मार." कफ सुटला की तू उठून बसायचीस, डोळ्यांत पाणी, आणि लगेच विचारायचीस की नाश्त्याला काय आहे.

याच वीस मिनिटांत तू सगळं शिकलीस. तोंड उशीत, आणि प्रश्न विचारायचा तुझा तो दबका आवाज. बारा वर्षांची असताना म्हणालीस, "माझ्या प्रथिनाला नेमकं काय झालंय ते सांग. लहान मुलीला सांगतात तसं नको."

मी सांगितलं. पेशीत प्रथिन बनतं ते आधी नुसत्या साखळीसारखं, अमिनो आम्लांची माळ. ती माळ कुठे जाणार हे तिच्यातच लिहिलेलं असतं. कुणी पेशीच्या आत राहायचं, कुणी बाहेर पडायचं, कुणी पेशीच्या बाहेरच्या पटलात जाऊन बसायचं. तुझं प्रथिन पटलात बसणारं. मिठाची ये-जा त्याच्यातून होते. पण तिथे जायच्या आधी त्याला आंतर्द्रव्यजालिकेत शिरावं लागतं—

"काय?"

"आंतर्द्रव्यजालिका."

"हे नाव ठेवणाऱ्याची पाठ कुणी ठोकली नव्हती वाटतं. पुढे सांग."

तिथे माळेच्या घड्या पडतात. ठराविकच घडी पडली तर प्रथिन काम करतं. चुकीची घडी पडू नये म्हणून दुसरी काही प्रथिनं त्याला धरून असतात. इंग्रजीत मी वर्गात त्यांना शॅपेरॉन म्हणायची. तुला मराठीत हवं होतं, आणि मला त्या वेळी पटकन सुचलं, पाठराखीण. नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती.

"म्हणजे ती घडी घालते?"

"नाही. वेडीवाकडी घडी पडू देत नाही. घडी जमली की ती सोडते."

"आणि ती पण जाते का त्याच्याबरोबर पटलापर्यंत?"

"नाही. ती मागेच राहते. दुसरं प्रथिन येतंच तिच्याकडे."

तू म्हणालीस, "बरंय. तिला रिकामं बसावं लागत नाही."

त्यानंतरचा भाग सांगायला मी टाळाटाळ करत होते, आणि तू माझा हात थांबल्यावरून ते ओळखलंस. चौदाशे ऐंशी मण्यांची तुझी माळ. हैदराबादला तुझं रक्त पाठवलं होतं, त्याचा अहवाल तेव्हा नुकताच आला होता. पाचशे आठव्या जागेवरचा एक मणी गळलेला, आईकडच्या प्रतीतही आणि बापाकडच्या प्रतीतही. त्यामुळे घडी हवी तशी बसत नाही. तिथे तपासणी असते. घडी बसली नाही असं दिसलं की पेशी ते प्रथिन पुढे सोडत नाही, त्याच्यावर खूण चिकटवते आणि मोडून टाकते. त्याचे मणी पुन्हा वापरायला घेते.

"सगळी?"

"जवळजवळ सगळी."

"आणि पेशी पुन्हा तसलीच बनवते?"

"हो."

"आणि पुन्हा मोडते."

त्या दिवशी तू नाश्त्याला काय आहे ते विचारलं नाहीस.

पुढच्या एक-दोन वर्षांत कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले. शनिवारी संध्याकाळी आपण दोघी जायचो, एका खुर्चीवर दोघी अर्ध्या अर्ध्या बसायचो. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की तू मध्ये जाऊन बाहेरून कणीस घेऊन यायचीस. तिथे आपल्याला तो लेख सापडला. प्रयोगशाळेत तुझ्यासारख्याच प्रथिनाच्या पेशी थोड्या थंड ठेवल्या, शरीरापेक्षा दहा अंशांनी थंड, तर त्यातली काही प्रथिनं तपासणीतून सुटून पटलापर्यंत पोचली. आणि पोचल्यावर त्यांनी कामही केलं. कमी, पण केलं.

तू ती ओळ बोटानं दाखवलीस. "काम केलं," म्हणालीस. एवढंच.

त्या जानेवारीत नाशकात कडाक्याची थंडी पडली होती. निफाडकडे द्राक्षाच्या बागांत शेतकरी शेकोट्या पेटवत होते, पेपरात रोज फोटो यायचे. एका सकाळी मी उठले तर तुझा पलंग रिकामा. बाथरूममध्ये नाही, गॅलरीत नाही. जिना चढून गच्चीवर गेले. तू टाकीला टेकून बसली होतीस, बिनबाह्यांचा फ्रॉक, स्वेटर बाजूला घडी घालून ठेवलेला. ओठ निळे पडलेले. मी तुला दंडाला धरून उठवलं. आयुष्यात एकदाच तुझ्यावर हात उगारला, तो तेव्हा. खाली आणला तो, मारला नाही.

"अक्कल आहे का? शरीर आतून सदतीसच राहतं! बाहेर कितीही गार असू दे! एवढं माहीत नाही तुला?"

"माहीत आहे," तू दात वाजवत म्हणालीस. "तरी बसून बघावंसं वाटलं."

मी तुला खाली आणलं, दोन रजयांत गुंडाळलं, गरम दूध दिलं आणि तासभर बडबडत राहिले. न्यूमोनिया, दवाखाना, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू. तू ऐकून घेतलंस. तुला थंडीनं काही झालं नाही त्या वेळी. पण योगू, नंतर कित्येक दिवस मला एका गोष्टीची लाज वाटत होती. तुला शोधत जिना चढताना क्षणभर माझ्याही मनात येऊन गेलं होतं की, समजा, झालाच काही उपयोग तर.

आपलं मोठं भांडण मात्र त्या लेखावरूनच सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. तुझं म्हणणं होतं की पेशी मूर्ख आहे. जे थोडं वाकडं आहे पण काम करू शकतं, त्याला जाऊ द्यायला काय हरकत आहे? मी पेशीची बाजू घ्यायची. वाकडी प्रथिनं सोडत बसली तर ती साठतात, गोळे होतात, पेशी मरते. म्हातारपणी माणसांचा मेंदू त्यानंच नासतो. पेशीला फक्त आकार कळतो. हे काम करेल की नाही हे कळायची सोय तिच्याकडे नाही.

"तेच तर म्हणते मी. विचारत नाही, करून बघत नाही, नुसता आकार बघते आणि मोडते."

"ती सगळ्या शरीराचा विचार करते."

"ती कसलाच विचार करत नाही, आत्या. तू करतेस तिच्या वतीनं."

अकरावीत म्हणालीस, बारावीत म्हणालीस, बीएस्सीला माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून 'मॅडम, एक शंका आहे' असं साळसूदपणे म्हणालीस, आणि चाळीस मुलांसमोर हाच वाद पुन्हा घातलास. शेवटी घंटा झाली. मुलं हसत बाहेर पडली. तू जाताना फळा पुसलास आणि पेशीच्या कडेला मी काढलेला, बाहेर येणारा बाण तेवढा शिल्लक ठेवलास.

आता त्या पुण्याच्या पत्राबद्दल.

दुसऱ्या वर्षाच्या मार्च महिन्यात ते आलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी सुट्टीत सहा आठवडे काम करायला विद्यार्थी घेतात, तिथे तू मला न सांगता अर्ज केला होतास. यीस्टच्या पेशीत प्रथिनांच्या घड्या कशा बसतात, यावर काम करणाऱ्या बाई होत्या त्या. तू अर्जात स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिलं होतंस, आणि तरी, किंवा त्यामुळेच, त्यांनी तुला घेतलं होतं. तू पत्र माझ्या पुढ्यात ठेवलंस. चेहऱ्यावर असं काही होतं की मी आधी 'अरे वा' म्हटलं, आणि मग लगेच विचारलं, "राहणार कुठे?"

"हॉस्टेलला."

"पाठ कोण ठोकणार?"

"रूममेट. शिकवीन मी तिला. तू शिकलीस, ती नाही शिकणार?"

"जेवण? औषधं? तिथे कुणाला सर्दी झाली, कुणाला खोकला, ते सगळं तुझ्या छातीत. मागच्या पावसाळ्यात काय झालं ते विसरलीस?"

"डॉक्टरांना विचारलंय मी. ते म्हणाले, काळजी घेऊन जाऊ शकतेस."

ते तू आधीच विचारून ठेवलं होतंस, हे मला लागलं. "बघू," मी म्हटलं.

मी बघितलं नाही. दोन दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसातून पुण्याला फोन केला. 'मी योगिताची पालक बोलतेय. तिची तब्येत ठीक नाही, ती येऊ शकणार नाही.' त्या बाई फार चांगल्या होत्या. पुढच्या वर्षी नक्की पाठवा म्हणाल्या. मी आभार मानले आणि तासाला गेले.

आठवड्यानं त्यांचं तुला पत्र आलं, लवकर बरी हो म्हणून. तू ते वाचलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "तूपण तसलीच आहेस आत्या." आवाज चढला नव्हता. मग तू बोलणं बंद केलंस.

अकरा दिवस. घर सोडून जाता येत नव्हतं तुला, पाठ तर ठोकून घ्यावीच लागायची. साडेपाचला तू येऊन उशा रचायचीस, पालथी पडायचीस, मी ठोकायची. वीस मिनिटं फक्त माझ्या हाताचा आवाज. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला. रिकाम्या डब्यावर कुणी ठोकत असावं तसा. रोज मी ठरवायची की आज माफी मागायची, आणि रोज तू उठून आत निघून जायचीस. मला वाटत होतं तू रागावली आहेस. बाराव्या दिवशी तू म्हणालीस, "आत्या, डावीकडे जरा खाली. हं, तिथे," आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. पत्राचा विषय निघाला नाही. पुढच्या वर्षी पाठवीन, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. ते तरी तुला सांगायचं ना मी. ते सांगितलं तर आधीचंही कबूल करावं लागलं असतं.

पावसाळ्यात तुझी छाती भरली ती पुन्हा मोकळी झाली नाही. दिवाळीनंतर दवाखाना. तिथल्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही, तुला ते माहीत आहेत. एक दुपार मात्र लिहिते. तुला जरा बरं वाटत होतं, नळी लावलेली होती तरी बोलत होतीस. मी सांगितलं की कुठे कुठे औषधं शोधायला लागलेत, असे छोटे रेणू, जे तुझ्या प्रथिनाला घडी बसवायला मदत करतील आणि तपासणीतून बाहेर काढतील. तू म्हणालीस, "सापडेल ते. मला नाही मिळणार, पण सापडेल. बरोबर वाटेवर आहेत." एखाद्या परीक्षकानं बोलावं तसं बोललीस. मग विचारलंस, "तू जेवलीस का?"

"योगू, ते पुण्याचं—" मी म्हटलं.

"डबा उघड आधी," तू म्हणालीस.

मी डबा उघडला. नर्स आली, तुझं तापमान घेतलं, आणि मी ती संधी साधून भांडं विसळायला उठले. भांडं स्वच्छच होतं.

पाच दिवसांनी तू गेलीस.

दहावा देवळ्याला झाला. त्यानंतर मी नाशकाला परत आले, कॉलेज सुरू केलं. मागच्या आठवड्यात मंगल आली, एकटीच, एस्टीनं. मला वाटलं तुझं सामान न्यायला आली असेल. पण तिनं कशाला हात लावला नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसली, मला समोर बसवलं, आणि म्हणाली की मला आज सगळं नीट समजावून सांगा. आम्ही दोघी आपल्या बोलीत बोललो, इथे मी ते जरा सरळ करून लिहिते. "तुम्ही दोघी माझ्यासमोर एवढं बोलायच्या. पेशी काय, प्रथिन काय. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, म्हटलं पोरगी शिकतेय, मध्ये कशाला बोला. पण माझ्या पोटातून जे गेलं ते काय होतं, हे मला कळलं पाहिजे."

अकरा वर्षं, योगू. वर्गात शेकडो मुलांना मी हे शिकवलं आणि तुझ्या आईला 'छातीचं दुखणं आहे' एवढंच सांगून ठेवलं होतं.

मी सांगितलं. माळ, घडी, पाठराखीण, तपासणी, मोडणं. सगळं, दुपारभर. दोनदा चहा झाला. तिनं मध्ये एकदाच विचारलं, की ते प्रथिन बाहेर पोचलं असतं तर चाललं असतं का. थोडं चाललं असतं, मी म्हटलं. तिनं कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे ते वाईट नव्हतं. त्याला जाऊ दिलं नाही."

तुझंच वाक्य होतं ते, आणि ते ती तुझ्याकडून शिकलेली नव्हती. मला पुढे राहवलं नाही. मी तिला पुण्याचं सांगून टाकलं. पत्र, फोन, 'पालक बोलतेय', सगळं. म्हटलं, मंगल, तुझ्या पोरीची एक गोष्ट मी मोडली. तिला सहा आठवडे मिळाले असते.

मंगल म्हणाली, "मला माहीत आहे."

"कसं?"

"तिनंच सांगितलं. तेव्हाच. एसटीडीवरून फोन केला होता तिनं. मी म्हटलं, मी येते नाशकाला, ताईंशी बोलते. तर नको म्हणाली. म्हणाली, आई, आत्या तब्येतीचं कारण सांगते, पण ते खरं नाही. तिला घरात एकटीनं राहवत नाही आता. हे तिचं तिला माहीत नाही. मी बोलायला लागले की माझ्या तोंडून ते निघून जाईल आणि तिला लाज वाटेल. म्हणून मी चार दिवस बोलतच नाही."

संध्याकाळच्या गाडीनं मंगल गेली. मी स्टँडवर सोडायला गेले होते. गाडी हलताना तिनं खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, उन्हाळ्यात देवळ्याला या. नुसत्या या." येते म्हटलं मी.

योगू, तू माझ्यासाठी गप्प बसलीस आणि मी त्याला राग समजले. तू बोलायला हवं होतंस. मला लाज वाटली असती, मी चिडले असते, तुला उलट काहीतरी बोलले असते, आणि मग दोन-चार दिवसांनी तुझी बॅग मीच भरली असती. कदाचित नसतीही भरली. आता ते कळायला मार्ग नाही. पण तू विचारलं नाहीस त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते ऐकायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच सांगते.

हो. नाही राहवत.